बारा मिनिटं पुढे

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा उगाच फिरवून फिरवून सांगतोय असं कोणी म्हणायला नको. माझ्या बायकोचं मनगटी घड्याळ एकतीस वर्षं चुकीची वेळ दाखवत होतं, आणि ते मीच मुद्दाम तसं लावलेलं होतं. मी घड्याळजी आहे. माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘अचूक’ असा शब्द आहे आणि तो मी स्वतः रंगवून घेतलेला आहे.

बायको ग्रंथालयात होती. पुस्तकं नोंदवायची, लावायची, हरवलेली शोधून काढायची. कुठल्या कपाटात कुठल्या क्रमांकाचं पुस्तक आहे ते तिला तोंडपाठ असायचं. पण घरातून वेळेवर निघणं तिच्या रक्तातच नव्हतं. पायात चप्पल घालायची आणि मग आठवायचं, खिडकी उघडी राहिली. खिडकी लावायला गेली की कुंडीतलं झाड सुकलेलं दिसायचं. लग्नानंतर दोन महिने मी दारात उभा राहून हाका मारल्या. घसा बसला. तिसऱ्या महिन्यात तिचं घड्याळ तेल द्यायला म्हणून दुकानात नेलं आणि पाच मिनिटं पुढे करून आणलं. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचंही केलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर निघाली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाचाची सात झाली, साताची दहा झाली, दहाची बारा. बारावर मात्र गाडी स्थिर झाली. रोज सकाळी ती घड्याळाकडे बघून दचकायची, अर्धा कप चहा तसाच टाकून पळायची. तो उरलेला अर्धा कप मी सावकाश पीत बसायचो. माझ्याकडे बारा मिनिटं असायची ना.

कोणी विचारेल, तिला कळलं कसं नाही? कळण्यासारखं खूप होतं. तिच्या फोनवरची वेळ वेगळी दिसायची. ती म्हणायची, “फोन मागे पडतोय. त्या लोकांना घड्याळातलं काय कळतंय? आमच्या घरात घड्याळजी आहे.” दुकानात आली तर भिंतीवर चाळीस घड्याळं चाळीस वेगळ्या वेळा दाखवत असायची, तिथे काही उघडं पडायचा प्रश्नच नव्हता. मी स्वतः मनगटावर घड्याळ बांधत नाही. आमच्या जुन्या गाडीतलं घड्याळ कधीचं बंद होतं, त्यावरून तिची बहीण मला टोमणे मारायची आणि मी ते मुकाट्याने ऐकून घ्यायचो.

एकदा तर ती ग्रंथालयातलं मोठं घड्याळ पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली. “हे रोज बारा मिनिटं मागे असतं हो. जरा बघा.” मी आठवडाभर ते ठेवून घेतलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तेल दिलं, काच पुसली, परत केलं आणि सांगितलं, “जुनं झालंय. ते आता असंच चालणार.” एका निर्दोष घड्याळावर मी खोटा आळ घेतला. एवढं खोटं मी गिऱ्हाइकाशीही कधी बोललो नव्हतो.

आता अपघाताचं सांगतो.

बायकोची बहीण नोकरीतून निवृत्त होत होती. तिच्या कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम अकराला सुरू होणार होता आणि पहिलं भाषण बायकोचं होतं. तिने ते चार दिवस घोकलं होतं. आम्ही महामार्गाने निघालो. मी नियमाप्रमाणे ऐंशीने चालवत होतो. पुढे एक मालट्रक होता, त्याच्या शेजारची मार्गिका मोकळी होती. तेवढ्यात तिने मनगट वर केलं.

“अहो, दहा वीस झाले! अजून पन्नास किलोमीटर आहे. माझं भाषण चुकणार. जरा दाबा की!”

दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. मला माहीत होतं. तिच्या आकड्यातून बारा वजा करायची मला इतकी सवय झाली होती की ते आपोआप व्हायचं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, “अगं, भरपूर वेळ आहे.” पण ती विचारणार, “भरपूर कसा?” मग काय सांगायचं? माझी जीभ रेटेना. मी गाडी दाबली. शंभराच्या पुढे गेलो आणि ट्रकच्या बरोबरीला आलो. ट्रकवाल्याने दिवा न देता, न बघता ट्रक आमच्या मार्गिकेत आणला. आम्ही कठड्यावर आदळलो. तो थांबलासुद्धा नाही.

मला खरचटलं. तिचा डावा पाय खुब्यापासून मोडला. तशा अवस्थेतही तिने जाणाऱ्या ट्रकचा क्रमांक वाचला आणि तो पुटपुटत राहिली, पोलीस येईपर्यंत, विसरू नये म्हणून. जन्मभर पुस्तकांचे क्रमांक पाठ करणारी बाई ती. तिच्या घड्याळाची काच फुटून ते बंद पडलं होतं, दहा वीसवर. पोलिसांनी ते पाकिटात घालून सील केलं. पुरावा म्हणून.

पहिली शस्त्रक्रिया झाली. पण खुब्याचा सांधा नीट बसला नाही. वर्षभरात दुसरी केली तर पाय वाकेल, नाहीतर असाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमची सगळी पुंजी पहिल्या वेळीच संपली होती. ग्रंथालयात शिडी चढता येत नाही म्हणून तिची नोकरीही सुटली. म्हणजे तिचा पाय आता भरपाईच्या दाव्यावर अवलंबून होता, दुसरा मार्ग नव्हता.

आमच्या वकीलबाई तरुण पण पक्क्या होत्या. “ट्रकचा क्रमांक आहे, बंद पडलेलं घड्याळ आहे, साक्षीदार स्वतः जखमी आहे. काळजी करू नका,” त्या म्हणाल्या. ट्रकच्या विमा कंपनीचा वकील बारीक, ताठ आणि टोचणारा. मी त्याचं नाव टाचणीसाहेब ठेवलं. बायको त्यावर हसली होती. अपघातानंतर पहिल्यांदाच हसली होती.

तिची साक्ष झाली त्या दिवशी ती वॉकर धरून एकटी साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत गेली. कोणी धरू नका म्हणाली. न्यायाधीशांनी तिला बसायला खुर्ची दिली.

“वेळ किती होती?” टाचणीसाहेबांनी विचारलं.

“दहा वाजून वीस मिनिटं.”

“अंदाजे?”

“अंदाजे नाही. बरोबर दहा वीस. मी आदल्याच क्षणी घड्याळ बघितलं होतं.”

“घड्याळ चुकू शकतं, बाई.”

“माझं नाही चुकत,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून किंचित हसली. “माझे मिस्टर घड्याळजी आहेत. एकतीस वर्षं तेच लावून देतात.”

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, म्हातारा लाजला.

टाचणीसाहेबांनी शांतपणे एक कागद पुढे केला. अपघाताच्या जागेपासून आठ किलोमीटर पुढे टोलनाका आहे. तिथल्या नोंदीप्रमाणे तोच ट्रक दहा सोळाला नाका ओलांडून गेला होता. “म्हणजे दहा वीसला तुम्हाला कोणी धडक दिली असेलच, तर ती या ट्रकने नाही. तो तेव्हा आठ किलोमीटरहून जास्त पुढे गेला होता. तुम्ही क्रमांक चुकीचा वाचलात.”

“नाही. क्रमांक तोच.”

“बरं. तुम्ही पोलिसांना सांगितलंत की वीस मिनिटं तरी कोणी मदतीला थांबलं नाही. रुग्णवाहिकेला पहिला फोन दहा सत्तावीसला गेलाय. सातच मिनिटं झाली होती. सातची वीस केलीत, तसाच क्रमांकही चुकवला असेल.”

तिचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत तिला कोणी खोटं पाडलेलं मी पाहिलं नव्हतं. “मला तर खूप वेळ वाटला,” ती हळूच म्हणाली. “मी कण्हत होते. एकामागून एक गाड्या जात होत्या. कोणी थांबलं नाही.” आणि मग, स्वतःवरचाच विश्वास उडाल्यासारखी, “असेल. सातच असतील.”

ती एकोणीस होती. मी ती तिच्या शेजारी, तिचा हात धरून काढली होती. तिच्या वेदनेतलीसुद्धा बारा मिनिटं मी खाऊन टाकली होती.

माझी साक्ष त्याआधी होऊन गेली होती. वेळ विचारली तेव्हा मी म्हणालो होतो, “गाडी चालवत होतो, घड्याळ बघितलं नाही.” “घड्याळजी असून?” टाचणीसाहेबांनी विचारलं होतं आणि लोक हसले होते. ते हसू माझ्या पथ्यावर पडलं, पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. मी मूग गिळून खाली उतरलो होतो.

तिची साक्ष संपल्यावर बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. मला म्हणाली, “अहो, माझी नजर गेली असेल का? क्रमांक चुकला असेल? मला तर अजून डोळ्यांसमोर दिसतोय.” ती तो क्रमांक पुन्हा पुटपुटायला लागली, एकेक आकडा बोटावर मोजत. मला ते सहन होईना.

मी वकीलबाईंना जिन्यापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं.

“एकतीस वर्षं? आणि त्यांना माहीत नाही?”

“नाही.”

“काका, हे खरं असेल तर टोलची नोंद आपल्याच बाजूने होते. दहा आठला अपघात, दहा सोळाला नाका. तंतोतंत. पण न्यायाधीश म्हणतील, दावा पडायला लागला तशी नवऱ्याने गोष्ट रचली. पुरावा काय?”

पुरावा होता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ उघडलं, त्याला काही केलं, की मागच्या झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने बारीक अक्षरात तारीख आणि केलेलं काम कोरून ठेवायचं. पुढे जो कोणी उघडेल त्याला कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी हे इतकं अंगात भिनवलं होतं की बायकोला फसवतानाही मी ते चुकवलं नव्हतं. दर वेळी तारीख आणि शेजारी अधिकची खूण करून मिनिटं. आणि ते घड्याळ अपघाताच्या दिवसापासून न्यायालयाच्या सीलबंद पाकिटात होतं. त्याला मी नंतर हातही लावू शकलो नव्हतो.

वकीलबाईंनी मला नीट निरखून बघितलं. “तुम्हाला पुन्हा साक्षीला उभं करायची परवानगी मागते. पण ते तुम्हाला वेगाबद्दल विचारणार. आणि काकू समोर बसलेल्या असणार. घरी आधी सांगून ठेवा.”

मी घरी सांगितलं नाही. पंधरा दिवस होते माझ्याकडे. रोज सकाळी ठरवायचो, चहा झाल्यावर सांगू. रोज चहा व्हायचा. आता ती कुठे पळत नव्हती, तरी कप अर्धाच ठेवायची, सवयीने. मी त्या कपाकडे बघायचो आणि दुकानात निघून जायचो. भित्रा म्हणा मला. मी स्वतःला त्याहून वाईट म्हणून घेतलेलं आहे.

माझ्या दुसऱ्या साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांसमोर पाकीट फोडलं. मी घरून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि चाकूचं पातं झाकणाच्या खाचेत सरकवलं. झाकण निघालं. न्यायाधीशांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग टाचणीसाहेबांना जवळ बोलावलं. त्यांनीही बघितलं आणि हातातला टोलचा कागद खाली ठेवला. अधिक पाच. अधिक सात. अधिक दहा. मग अधिक बारा, पुन्हा अधिक बारा, आणि तसंच खालपर्यंत. झाकणात जागा उरली नव्हती.

“मला बघायचंय,” मागून बायकोचा आवाज आला.

न्यायाधीशांनी मान डोलावली. ती वॉकर टेकत पुढे आली. भिंग कसं धरायचं ते तिला माहीत होतं, नव्या लग्नात मीच हौसेने शिकवलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिने सावकाश वाचलं, नोंदवहीतले क्रमांक वाचावेत तसं. मग भिंग मेजावर ठेवलं.

“ही पहिली तारीख म्हणजे लग्नानंतरचा तिसरा महिना,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, बहुतेक न्यायाधीशांना.

टाचणीसाहेब आता सावरले होते. “म्हणजे अपघाताच्या वेळी तुम्हाला माहीत होतं की तुमच्या हातात बारा मिनिटं जास्त आहेत?”

“हो.”

“उशीर होत नव्हता?”

“नव्हता.”

“मग वेग का वाढवलात?”

वकीलबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. वेग वाढवलाच नाही, असं म्हणता आलं असतं. गाडीचा चेंदामेंदा झाला होता, शंभर होते की ऐंशी ते कोण सांगणार? पण बायको चार हात अंतरावर उभी होती, वॉकरला धरून. तिला माहीत होतं. तिनेच तर दाबा म्हटलं होतं.

“तिने घाई केली,” मी म्हणालो. “घाई नाही असं म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. ते मला सांगवेना. म्हणून दाबली. ऐंशीवर राहिलो असतो तर ट्रक आमच्या पुढे राहिला असता.”

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

निकाल लागायला आणखी तीन महिने गेले. ट्रक तोच होता, चूक त्याची होती, असं न्यायालयाने मान्य केलं. बायकोचा प्रत्येक शब्द खरा धरला, क्रमांकही आणि त्या वेदनेतली एकोणीस मिनिटंही. माझ्या वेगासाठी चौथा हिस्सा कापला. उरलेल्या रकमेत शस्त्रक्रिया होण्यासारखी होती आणि ती झाली. पाय आता वाकतो. काठी घेऊन ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते. वकीलबाई म्हणाल्या, “काका, तुमच्या खरं बोलण्याने जिंकलो.” मी त्यांना काय सांगणार? खरं आधी बोललो असतो तर न्यायालयात जायची वेळच आली नसती.

घरी आल्यावर भांडण होईल असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी ठेवली होती. झालं नाही. एकदाच, पलंगावर पाय सरळ करताना ती म्हणाली, “मला नुसतं सांगितलं असतंत ना, की तू फार उशीर करतेस, तर मी चिडले असते. चार दिवस बोलले नसते. एवढंच झालं असतं.” मी तिच्या पायाखाली उशी सरकवली.

न्यायालयाने घड्याळ परत दिलं. मी नवी काच बसवली, मोडलेला भाग बदलला, साफ केलं. झाकण लावण्याआधी आत जागा शोधली आणि कडेला, अगदी बारीक, तारीख आणि शून्य कोरलं. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचंही बरोबर केलं. सकाळी ते मनगटी घड्याळ तिच्या कपाजवळ ठेवलं.

“दुरुस्त झालं,” मी म्हणालो.

तिने ते बांधलं. चहाचा घोट घेतला. मग आणखी एक. आता ती रोज कप शेवटपर्यंत पिते, तळाशी काही उरत नाही. मी समोर बसतो. डॉक्टरांकडे जायचं असलं तरी दारात जाऊन उभा राहत नाही, हाक मारत नाही.

“किती वाजले?” परवा सकाळी तिने विचारलं.

मनगटावर घड्याळ असताना तिने मला विचारलं, म्हणून मला बरं वाटलं. वाटलं, विश्वास थोडा परत आला असेल. मी भिंतीकडे बघून म्हणालो, “पावणेनऊ.”

तिने मान डोलावली. मग मेजावरचा फोन उलटा पडला होता तो सरळ केला आणि त्यावरची वेळ बघितली.